कव्हरवर सहा जण, सिनेमात पाच: रॅपरांचे चरित्रपट आणि त्यातल्या गाळलेल्या जागा

जुनीकॅसेट (शनिवार, रात्री ११.४०)

दहावीच्या सुट्टीत मावसभावानं डोंबिवलीत एक कॅसेट आणली होती. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. गाण्यापेक्षा खरखर जास्त. पण सोबत कव्हरची झेरॉक्स होती आणि आमचा खरा जीव तिच्यावर. काळे कपडे घातलेली पोरं गोल करून खाली वाकून बघतायत, एकाच्या हातात पिस्तूल आणि त्याची नळी सरळ आपल्याकडे. म्हणजे बघणारा रस्त्यावर आडवा पडलाय आणि हे वरून उभे. ती झेरॉक्स आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, आईला दिसू नये म्हणून. (त्या रॅप ग्रुपचं नाव एनडब्ल्यूए. या अक्षरांचा पूर्ण अर्थ तिला सांगायची वेळ कधी आली नाही, नशीब.)

परवा त्यांच्यावरचा सिनेमा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' पुन्हा पाहिला. २०१५चा, दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे. पहिल्यांदा थेटरातून बाहेर पडलो तेव्हा पार भारावून गेलो होतो. या वेळी मध्येच पॉज केला, त्याच नावाच्या मूळ अल्बमचं कव्हर नेटवर काढलं आणि बोट ठेवून मोजलं. कव्हरवर सहा जण. सिनेमातला ग्रुप पाच जणांचा: ईझी-ई, आइस क्यूब, डॉ. ड्रे, एमसी रेन, डीजे येला.

सहावा अरेबियन प्रिन्स. सुरुवातीपासूनचा माणूस, सिनेमात नसल्यासारखाच. पैशांचा हिशेब जुळेना म्हणून तो १९८८मध्ये बाहेर पडला. आता सिनेमातला तो प्रसंग आठवा, ज्यात आइस क्यूबपुढे करार ठेवतात आणि तो सही करायला नकार देतो. पूर्ण सिनेमाचा कणा आहे तो: एकच पोरगा शहाणा, बाकीचे भोळे. त्याच्या आधी दुसरा एक जण हाच प्रश्न विचारून चालता झाला होता, हे दाखवलं असतं तर सिनेमा पडला नसता. क्यूबची उंची दोन बोटं कमी झाली असती, एवढंच.

निर्मात्यांची नावं बघा: आइस क्यूब, डॉ. ड्रे आणि ईझीची पत्नी टोमिका वुड्स-राइट. क्यूबचं काम कुणी केलंय? त्याच्याच मुलानं, ओशे जॅक्सन ज्युनियरनं. एमसी रेनला मात्र काठावर उभं केलंय. त्या अल्बमचे अर्धेअधिक शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्यांतला तो एक, आणि पडद्यावर त्याचं काम मान डोलवायचं.

अरेबियन प्रिन्सबरोबर आणखी कुणीतरी गळलंय, ते मला आजवर लक्षातच आलं नव्हतं. जे. जे. फॅड नावाचा मुलींचा ग्रुप. १९८८चं त्यांचं 'सुपरसॉनिक' हे ईझीच्या रूथलेस रेकॉर्ड्सचं पहिलं मोठं यश, आणि ते घडवण्यात याच प्रिन्सचा मोठा हात. रॅपला ग्रॅमी पहिल्यांदा मिळालं १९८९मध्ये, तेव्हाच्या नामांकनांत हे गाणं होतं. म्हणजे जी कंपनी पिस्तूल आणि शिव्यांच्या जोरावर उभी राहिली असं आपण समजतो, तिच्या गल्ल्यात पहिली भरघोस कमाई टाकली ती घरात चारचौघांसमोर लावता येईल अशा गाण्यानं. केवढी मजेशीर गोष्ट आहे ही! सिनेमात औषधालाही नाही. मुली आहेत, भरपूर आहेत. हॉटेलच्या खोल्यांत आणि पोहण्याच्या तलावाच्या काठावर.

आणि मग डी बार्न्स. २७ जानेवारी १९९१ला हॉलिवूडमधल्या एका क्लबात डॉ. ड्रेनं या पत्रकार बाईला सगळ्यांसमोर मारहाण केली. कोर्टात त्यानं आरोप लढवला नाही; दंड, समाजसेवेचे २४० तास, दोन वर्षं प्रोबेशन. सिनेमाचा काळ १९८६पासून ईझीच्या मृत्यूपर्यंतचा, म्हणजे १९९५पर्यंतचा. हा प्रसंग बरोब्बर मध्ये पडतो. सिनेमात शून्य.

तारखा मागेपुढे झाल्या तर माझी काही तक्रार नाही. पण माणूसच उचलून बाजूला ठेवायचा, याला चूक म्हणायचं की आणखी काही? असे चरित्रपट आणखी कुणी पाहिले असतील तर लिहा. टुपाकचा, बिगीचा, आपला गली बॉय, काहीही.

---

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे.

तारखांची तक्रार नाही म्हणता, पण टोपीचं काय? ईझी सुरुवातीलाच शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमची ती काळी टोपी घालतो. त्या वळणाचं चिन्ह टीमनं आणलं १९९०मध्ये. सिनेमात तेव्हा १९८६ चालू आहे. चार वर्षं आधी टोपी! गर्दुल्ले नाही, काळप्रवासी म्हणा यांना.

---

जुनीकॅसेट

@चहाटळ, टोपी माफ. आपल्याकडे शिवकालीन मालिकांत बटाट्याची भाजी वाढतात, तेव्हा कुठे आपण ताटावरून उठतो?

---

सानिका_लाँगबीच

धागा आवडला. मी रोज लॉस एंजेलिस मेट्रोच्या ए लाइननं ऑफिसला जाते, वाटेत कॉम्प्टन, म्हणजे या ग्रुपच्या गावाचं स्टेशन लागतं. गाडीत बसलेले आजोबा-आजी, शाळेची पोरं, किराणा घेऊन चाललेल्या मेक्सिकन बायका. नाव ऐकून पुण्याहून आलेल्या सासूबाई दोन स्टेशनं पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. सिनेमाचा परिणाम हाही असतो.

डेट्रॉइटच्या कार्यक्रमाबद्दल लिहायचं आहे, कारण तो प्रसंग बघून माझ्याही अंगावर काटा आला होता. सिनेमात: पोलीस आधी बजावतात की पोलिसांना शिव्या घालणारं ते गाणं गायचं नाही; पोरं गातात; गोळीबारासारखे आवाज; पळापळ; बाहेर चाहत्यांच्या गर्दीसमोर बेड्या; लोक पोलिसांवर बाटल्या फेकतात.

प्रत्यक्षात ६ ऑगस्ट १९८९, जो लुइस अरीना. गाणं सुरू झालं हे खरं. चार ओळी होतात न होतात तोच फटाक्यासारखे आवाज झाले आणि साध्या वेशातले पोलीस स्टेजकडे धावले, तेही खरं. पोरं पळाली. पुढचं मात्र फार साधं आहे. पोलिसांनी त्यांना हॉटेलवर गाठलं, थोडा वेळ अडवून ठेवलं, सोडून दिलं. ना रस्त्यावर बेड्या, ना दंगल.

आता मला सांगा, खरं जास्त भीतिदायक नाही का? हजारो लोकांसमोर झालेली अटक ही विजययात्राच असते. हॉटेलच्या लॉबीत, कुणी बघत नसताना चार पोलीस तुमची वाट बघत उभे आहेत, हे वेगळंच काहीतरी. सिनेमाला गर्दी हवी असते म्हणून त्यांनी ते रस्त्यावर आणलं.

एफबीआयचं पत्र मात्र खरं आहे हो, काही जणांना ती थाप वाटते. १ ऑगस्ट १९८९, म्हणजे डेट्रॉइटच्या पाचच दिवस आधी. एफबीआयच्या जनसंपर्क खात्याच्या मिल्ट अलरिक नावाच्या अधिकाऱ्यानं ते प्रायॉरिटी रेकॉर्ड्सला, म्हणजे वितरक कंपनीला पाठवलं. त्यात गाण्याचं नावही घेतलेलं नाही, अल्बमचं घेतलंय. १९८८मध्ये ७८ पोलीस कर्तव्यावर मारले गेले एवढं सांगून 'आमचं मत कळवतोय' असा सूर. सरकारी कागद कसा असावा तसा: धमकी म्हणावी तर धमकी नाही, नाही म्हणावी तर घाम फुटतो.

---

अप्पा_उवाच

जरा विरुद्ध बाजू मांडतो, राग नसावा.

अडीच तासांत दहा वर्षं बसवायची आहेत. पाच नायक, एक मॅनेजर, एक खलनायक, त्यात रॉडनी किंगला पोलिसांनी मारल्याचा खटला आणि त्यावरून लॉस एंजेलिसमध्ये उसळलेली १९९२ची दंगल. कुणीतरी गळणारच. नाटकवाल्याला विचारा, तीन माणसांचं एक पात्र करणं ही चोरी नाही, कारागिरी आहे. ज्याला खरा इतिहास हवा त्यानं माहितीपट बघावा. मी सिनेमाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करत नाही. आपण 'मोगल-ए-आझम' बघताना अनारकलीचा जन्मदाखला मागतो का?

आणि धागाकर्त्यांना एक प्रश्न: तुम्हीच पहिल्यांदा भारावून बाहेर आलात ना? मग कलाकृतीनं तिचं काम केलं.

---

भातुकली

अप्पा, अनारकलीला मुलाखत देता येत नाही. डी बार्न्सला येते. तिनं दिली.

सिनेमा आला त्याच महिन्यात तिनं लेख लिहिला. त्यातली एक गोष्ट वाचल्यापासून मला हा सिनेमा सरळ नजरेनं बघता येत नाही. मारहाणीचं निमित्त काय होतं? बाई 'पंप इट अप' नावाचा हिप-हॉपचा टीव्ही कार्यक्रम करायची. १९९०च्या शेवटी एनडब्ल्यूएची मुलाखत झाली, त्यात त्यांनी सोडून गेलेल्या क्यूबची टिंगल केली. पुढे एका सिनेमाच्या सेटवर क्यूबचं चित्रण झालं, त्यात त्यानं यांची टिंगल केली. निर्मात्यांनी दोन्ही तुकडे एकाला एक जोडून दाखवले. तिचा विरोध होता तरी. राग निघाला तिच्यावर, कारण पडद्यावर चेहरा तिचा.

क्यूबच्या त्या चित्रणाच्या वेळी कॅमेऱ्यामागे कोण होतं?

एफ. गॅरी ग्रे. हाच. पुढे २०१५मध्ये ज्यानं हा सिनेमा केला तो.

म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं नाही. वेळ पुरला नाही असंही नाही, कारण सुरुवातीच्या एका मसुद्यात तो प्रसंग लिहिलेला होता, लॉस एंजेलिस टाइम्सनं नंतर छापलं. प्रदर्शनाच्या वेळी दिग्दर्शकाचं म्हणणं असं की उपकथांना जागा नव्हती.

उपकथा. स्विमिंग पूलला होती जागा.

---

चहाटळ

@भातुकली 🙏 पॉपकॉर्न खाली ठेवलं.

---

जुनीकॅसेट

भातुकली, कॅमेऱ्याचं मला ठाऊक नव्हतं.

त्याला जोडून: सिनेमानं तिकीटबारीवर धमाल केली, आरडाओरडा झाला, आणि मग आठवडाभरात ड्रेनं न्यू यॉर्क टाइम्समधून माफी मागितली. ज्या ज्या स्त्रियांना दुखावलं त्यांची, नाव कुणाचंच न घेता. त्यांतली एक मिशेले, त्याच्या मुलाची आई, रूथलेसचीच गायिका. तिनं २०१६मध्ये लाइफटाइम चॅनेलवर स्वतःच्या बाजूचा टीव्हीपट आणला. म्हणजे एका सिनेमातल्या गाळलेल्या जागा भरायला दुसरा सिनेमा काढावा लागला, आणि त्याला पैसे किती, पहिल्याच्या पासंगालाही नाहीत.

---

वकील_नाही_पण

मनोरंजन क्षेत्रातले करार वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून जरा रुक्ष बाजू.

गायकावर सिनेमा काढायचा तर गाणी लागतात. गाण्यांचे हक्क ज्याच्याकडे, त्याच्या संमतीशिवाय पान हलत नाही. बरेचदा तो रॅपर स्वतः, तो नसेल तर वारस. मग तो नुसती संमती देत नाही, निर्माता म्हणून आत येतो आणि पटकथा त्याच्या टेबलावरून जाते. त्यामुळे 'अधिकृत' हा शब्द पोस्टरवर दिसला की मी तो 'मालकाच्या परवानगीनं' असा वाचतो. यात कट वगैरे नसतो. कुणी फोन करून 'अमुक प्रसंग काढ' म्हणायचीही गरज पडत नाही. लिहिणाऱ्याला कळतं.

ज्यांना वाईट दाखवलं जातं ते कोर्टात जातात. याच सिनेमावर मॅनेजर जेरी हेलरनं ऑक्टोबर २०१५मध्ये ११ कोटी डॉलरचा दावा ठोकला. सिनेमात करारावर सही घेताना तो लॉबस्टर खात बसलेला दाखवलाय, त्यावरही त्याचा आक्षेप! बहुतेक मुद्दे न्यायाधीशांनी काढून टाकले आणि २०१६मध्ये हेलर वारला. अमेरिकेत प्रसिद्ध माणसाला बदनामी सिद्ध करणं महाकठीण. नुसतं खोटं दाखवलं एवढं पुरत नाही. खोटं आहे हे ठाऊक असून, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता दाखवलं, हे सिद्ध करावं लागतं. १९६४च्या एका निकालापासून हे असंच आहे.

आता माझा लाडका खटला. टुपाकवरचा 'ऑल आइज ऑन मी' २०१७मध्ये आला. केव्हिन पॉवेल नावाच्या पत्रकारानं दावा केला की माझ्या नव्वदच्या दशकातल्या लेखांवरून सिनेमा उचललाय. पण घटनांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. घटना सगळ्यांच्या. मग चोरी सिद्ध कशी करणार? तर त्यानं सांगितलं की सिनेमात नायजेल नावाचा एक माणूस आहे. त्या नावाचं, त्या रूपातलं पात्र माझ्या लेखांत मी रचलेलं आहे, ते तुमच्याकडे आलं कुठून?

थोडं थांबून याची मजा घ्या. पत्रकार म्हणतोय: मी तिखटमीठ लावलं होतं, आणि तुम्ही ते खरं समजून गिळलंत, हाच माझा पुरावा.

---

तिरकिट

वा! बदामाचं झाड ओळखायला त्याच्यावर आपणच लावलेली खूण दाखवली.

टुपाकच्याच सिनेमाबद्दल. अभिनेत्री जेडा पिंकेट स्मिथ त्याची शाळेपासूनची मैत्रीण. सिनेमा टुपाकच्या वाढदिवशी, १६ जूनला लागला आणि त्याच दिवशी तिनं ट्विटरवर एकेक प्रसंग खोडला. ती कविता त्यानं मला कधी वाचून दाखवली नाही. लॉस एंजेलिसला जाताना तो निरोप घ्यायला आला नव्हता. स्टेजमागचं आमचं भांडण कधी झालंच नाही. नटांचं कौतुक केलं, त्यांचा दोष नाही म्हणाली.

मला त्यातलं 'निरोप घेतला नव्हता' हे फार लागलं. सिनेमावाल्यांना वाटलं, मैत्री आहे तर निरोप हवा, मग लिहिला. तिच्याकडे वीस-पंचवीस वर्षं जे आहे ते निरोप न घेतलेलं आहे. त्यावर यांनी गोड प्रसंग चिकटवला.

अवांतर: मुलानं बापाची भूमिका करण्याबद्दल वर आलंय. आपल्याकडे 'मी वसंतराव'मध्ये राहुल देशपांडेनं आजोबांचं काम केलं तेव्हा आपण डोळे पुसत बाहेर आलो होतो. मीही. रक्ताचं नातं असलं की गळ्यात, चालण्यात काहीतरी असं येतं जे नटाला शिकून येत नाही. ओशेच्या कपाळावरची ती आठी बापाचीच आहे. त्यामुळे नातलग म्हणजे लबाडी, असं सरसकट म्हणवत नाही मला.

---

फडताळ

इतिहास शिकवतो, त्यामुळे तोंड उघडल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही सगळे ज्याचं वर्णन करताय त्याला मराठीत जुना शब्द आहे: बखर. बखर कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते. सभासदानं राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. म्हणून ती टाकाऊ झाली का? मुळीच नाही. फक्त ती दरबारी कागदपत्रांसारखी वाचायची नाही. बखर वाचताना पहिला प्रश्न असतो, आज्ञा कुणाची? दुसरा, त्या वेळी गादीवर कोण? तिसरा, जे घराणं हरलं त्याचं काय लिहिलंय?

हे प्रश्न २००९च्या 'नटोरियस'ला लावून बघा. बिगीवरचा सिनेमा. निर्मात्यांत त्याची आई व्होलेटा वॉलेस, कार्यकारी निर्माता शॉन कोम्ब्ज, म्हणजे पफ डॅडी, ज्याच्या कंपनीनं बिगीला पुढे आणलं. आईची भूमिका अँजेला बॅसेटनं केली आहे आणि ती माउली अगदी देवघरात ठेवावी अशी. पफ डॅडी सिनेमाभर शहाणपणाचे सल्ले देत हिंडतो. लिल किम मात्र चवचाल वाटावी अशी रंगवली. ती जिवंत, स्वतः मोठी रॅपर, तिनं उघड नापसंती दाखवली. निर्मात्यांच्या यादीत ती नव्हती.

आज २००९ची ती बखर उघडा. कोम्ब्जला २०२४मध्ये अटक झाली, २०२५मध्ये दोन गुन्ह्यांत तो दोषी ठरला आणि त्याहून गंभीर आरोपांतून सुटला. सिनेमातलं एक अक्षर बदललेलं नाही, पण त्याच्या तोंडचे उपदेश आता ऐकवत नाहीत. टुपाकच्या खुनाबाबत तर २७ वर्षांनी, सप्टेंबर २०२३मध्ये पहिली अटक झाली. म्हणजे हे चरित्रपट इतिहास अजून ओला असताना लिहिले जातायत.

आमच्याकडे म्हणतात, नामूलं लिख्यते किञ्चित्. मुळात नसलेलं काही लिहायचं नाही.

---

अप्पा_उवाच

सर, श्लोक अर्धाच म्हणालात. पुढे आहे, नानपेक्षितमुच्यते. अनावश्यक काही बोलायचं नाही! ग्रेसाहेबांनी दुसरा अर्धा पाळला.

(भातुकली, गंमत करतोय. कॅमेऱ्याची गोष्ट वाचून मी माझा आधीचा प्रतिसाद निम्मा मागे घेतलाय. 'कारागिरी' हा शब्द ज्याला घटना माहीत नव्हत्या त्याच्यासाठी राखून ठेवतो.)

---

फडताळ

हा हा. श्लोकाचा उत्तरार्ध परीक्षेला नाही.

---

कुर्ला_पश्चिम

गली बॉयवर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी.

तो चरित्रपट नाही, डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांवरून सुचलेली गोष्ट आहे, हे मान्य. २०१९. नायकाचं मुराद हे नाव काल्पनिक. पण आमच्या गल्लीत विचारा. नेझी आमच्याकडचा, कुर्ल्याचा. 'बॉम्बे ७०' म्हणतात ना, ते कुर्ल्याचं पिनकोड. २०१४ला त्यानं 'आफत' काढलं, आयपॅडवर गाणं केलं, आयपॅडवरच व्हिडिओ. आम्ही पोरांनी ते फोनवर एकमेकांना पाठवून पाठवून झिजवलं (तुमच्या कॅसेटसारखंच). डिव्हाइन अंधेरीच्या जेबी नगरचा. आता सिनेमात सगळं कुठे घडतं? धारावीत. का? तर झोपडपट्टी म्हटली की परदेशात एकच नाव ठाऊक. सिनेमात धारावी बघायला आलेल्या गोऱ्या पर्यटकांची थट्टा आहे, ती मस्तच आहे. पण कुर्ला उचलून धारावीत नेणारे पण एक प्रकारचे पर्यटकच ना भाई?

धारावीची स्वतःची पोरं आहेत, त्यांचं स्वतःचं रॅप आहे, त्यांना कमी लेखत नाही. उलट त्यांच्यावर आमची गोष्ट लादली.

नाव बदललं की सुटलो असं सिनेमावाल्यांना वाटतं. सुटत नाही कुणी. पडद्यावर मुरादच्या घरात बाप जे काही करतो ते लोक खऱ्या पोराच्या घरावर चिकटवतात. नाक्यावर चहा पिताना मी स्वतः ऐकलंय, 'त्याच्या बापानं म्हणे दुसरी आणली होती.' अरे ते विजय राजनं केलं, सिनेमात!

---

सानिका_लाँगबीच

@कुर्ला_पश्चिम, हा प्रतिसाद सगळ्यात आवडला.

एमिनेमच्या '८ माइल'मध्येही तोच मार्ग, नाव बदलून. पण तिथे एमिनेम स्वतःच काम करत होता, म्हणजे काय दाखवायचं, काय नाही ते त्याच्या हातात. मुरादचं काम रणवीर सिंगनं केलं. फरक पडतो.

आणि हो, ज्यावरून धागा सुरू झाला त्या सिनेमाची एक गोष्ट राहिली. चित्रण चालू असतानाच इतिहास आत घुसला. जानेवारी २०१५मध्ये कॉम्प्टनमध्ये सिनेमाच्या जाहिरातीचं चित्रण होतं, तिथे शुग नाइट येऊन थडकला, हाच ड्रेचा जुना भागीदार, सिनेमातला खलनायक. वादावादी झाली. थोड्या वेळानं जवळच्या बर्गरच्या दुकानाबाहेर त्यानं गाडी माणसांवर घातली, एक जण मेला. २०१८मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. पडद्यावर त्याचं काम करणारा नट मेकअप उतरवून घरी गेला असेल आणि खरा बाहेर उभा.

---

तिरकिट

एक उलटं उदाहरण देऊन थांबतो. 'रॉक्सान रॉक्सान', २०१७. न्यू यॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या इमारतींत राहणारी, १९८४मध्ये चौदा वर्षांची असताना रॅपच्या लढाया जिंकणारी रॉक्सान शांते. इथे बाईच केंद्रस्थानी आणि सिनेमाच्या निर्मितीत ती स्वतः. मारहाण, घरचे हाल, फसवणूक, काही लपवलेलं नाही. तरीही बघताना माझ्या डोक्यात एक किडा होता. २००९मध्ये वर्तमानपत्रात आलं होतं की रेकॉर्ड कंपनीच्या कराराच्या जोरावर तिनं कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी केली. जगभर गाजलं, मीही चार जणांना सांगितलं. मग स्लेट मासिकानं शोध घेतला. अशी पदवी कॉर्नेलनं दिलेलीच नव्हती.

सिनेमात ते प्रकरण नाही. तो तिच्या कोवळ्या वयावर थांबतो. चांगला सिनेमा आहे. पण आपण वर जे धरून चाललोय की पीडित माणसाला स्वतःची गोष्ट सांगू दिली की खरं बाहेर येईल, त्याला हा थोडा खिळा.

---

भातुकली

खिळा मान्य. म्हणून तर डी बार्न्सच्या बाबतीत मी तिच्या आठवणीवर विसंबत नाही. कोर्टाचा कागद आहे.

---

जुनीकॅसेट (रविवार, दुपारी १.१०)

धाग्याची लिंक मावसभावाला पाठवली होती. तो आता नाशिकला असतो, रॅप ऐकणं कधीच सोडलं, हल्ली फक्त भीमसेन. त्याचं उत्तर आलंय, जसंच्या तसं देतो:

"कपाटाच्या दारात ती झेरॉक्स बसत नव्हती. तूच कात्रीनं डावी कड कापलीस. आपल्या कव्हरवर पाचच होते."

मी नेटवरचं कव्हर पुन्हा काढून डाव्या कडेला कोण आहे ते बघतोय. फोटो खालून घेतलाय, सगळ्यांच्या टोप्या काळ्या. तो म्हणतो डावी, मला आठवतेय उजवी. कपाट आईनं २००३मध्ये भंगारात दिलं.